सत्यजीतचा गेम

९ ऑक्टोबर

हृतिकने आज आमच्या गेमच्या दुकानातला टीव्ही फोडला. खुर्ची उचलली आणि घातली, बस्स! समोर कॉलेजची दोन पोरं खेळायला बसलेली. एक काच एकाच्या भुवईत घुसली. मी ओढणी दाबून धरली, तरी रक्त माझ्या कोपरापर्यंत ओघळलं. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तीन टाके. त्याची आई मला काय काय बोलली ते लिहीत नाही, पण तिचं काही चुकलं नाही.

माझा भाऊ चोवीस वर्षांचा घोडा झाला तरी राग नाकावर. तसा आमच्या घरात कोणाच्या नाही? मी सात वर्षांनी मोठी म्हणून फक्त तोंडाने भांडते.

झालं असं — सकाळी मशीन चालू केली तर प्रत्येक गेमच्या चित्रावर, कोपऱ्यात, छोटंसं पांढरं कुलूप. एकतीस गेम, एकतीस कुलपं. दोन्ही मशीनवर. हे सत्यजीतचं काम! गेल्या महिन्यात भागीदारी सोडून गेला तेव्हा म्हणाला होता, दिपू, दुकान तुम्हा दोघांचं, मला काही नको. काही नको म्हणे! सगळे गेम ज्या आयडीवर घेतले तो त्याच्या ईमेलचा. पासवर्ड बदलला आणि मोकळा झाला.

१० ऑक्टोबर

कंपनीच्या हेल्पलाइनवर पाऊण तास. पलीकडचा मुलगा फार गोड बोलत होता, त्यानेच डोकं जास्त फिरलं. आयडी ज्याच्या ईमेलवर, गेम त्याचे. आणि त्याचेसुद्धा नाहीत म्हणे, त्याला फक्त खेळायची परवानगी आहे. मी विचारलं, मग बटणावर ‘विकत घ्या’ का लिहिता? तो म्हणाला, मॅडम, तसं लिहायची पद्धत आहे.

चार वर्षं दर दिवाळीला सवलत लागली की आम्ही तिघं काउंटरवर डोकी जोडून बसायचो, हा घेऊ की तो घेऊ. घेतला, घेतला म्हणून ओरडायचो. काय घेतला? कपाळ!

त्याआधी आमच्याकडे डिस्कचं कपाट होतं. सत्यजीतनेच विकायला लावलं. डिस्कला ओरखडे पडतात, चोरीला जातात, आता जग डिजिटल झालं म्हणाला. मीच मान डोलावली.

११ ऑक्टोबर

बाबांना समजावताना नाकीनऊ आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बांध कोरला त समोर मानूस दिसतो. आमी कुदळ घेऊन उभे ऱ्हातो. तुमचा हा गेम हाय कुठं? कुठं उभं ऱ्हायाचं?”

हृतिक म्हणाला, सत्यजीतच्या छातीवर. बाबा हसले नाहीत.

१३ ऑक्टोबर

कृष्णकांतकडे गेले. जुन्या पनवेलात एसटी स्टँडमागे त्याचं दुकान आहे, अजून डिस्क भाड्याने देतो. आम्ही त्याला भंगारवाला म्हणून चिडवायचो. आज त्याच्याच दारात! बिचाऱ्याने टोमणा मारला नाही. चहा पाजला आणि फुटबॉलची आणि कुस्तीची डिस्क दिली.

हृतिकचं म्हणणं सबस्क्रिप्शन घ्यावं. घेतलं महिन्याचं. शेकडो गेम, पण जो पोरं मागतात तो फुटबॉल नेमका त्यात नाही. आणि जे आहेत तेही कधी काढून घेतील, नेम नाही. भाड्याची डिस्क निदान हातात धरता येते. परत देईपर्यंत ती माझी असते, तेवढा वेळ कोणाचा बाप तिला कुलूप लावू शकत नाही.

१६ ऑक्टोबर

आज स्कूटी काढून कोन गावाला गेले. घरी सांगितलं नाही. सत्यजीत तिथे नवीन पार्लर थाटतोय — दहा टीव्ही, लाल दिवे, गुबगुबीत खुर्च्या. शांत बोलायचं ठरवलं होतं. म्हटलं, कॉलेजपासूनचा मित्र आहेस, चार वर्षं आमच्या आईच्या हातचं जेवलास, अर्धे गेम तरी राहू दे.

तो मोबाइलवरून मानही वर न करता म्हणाला, “चार वर्षं खेळलात ना? समज भाड्याने होते. भाडं फिटलं.”

मी थोबाडीत मारली. हात कधी उठला मलाच कळलं नाही. मग त्याने माझं मनगट पिरगळलं आणि मला काउंटरवर ढकललं. ओठ फाटला. इलेक्ट्रिशियन शिडीवरून बघत होता, खाली उतरला नाही. सत्यजीत माझ्या केसांना धरून दारापर्यंत घेऊन आला. केसांना धरून! आणि स्कूटीची चावी रस्त्यावर फेकली.

घरी स्कूटी घसरली म्हणून सांगितलं. हृतिकने मनगटावरचे बोटांचे वळ पाहिले.

१८ ऑक्टोबर

व्हायचं तेच झालं. हृतिक एकटाच कोनला गेला आणि सत्यजीतच्या चार माणसांनी त्याला पट्ट्यांनी मारलं. बकल पाठीत रुतलेत. समोरचा दात गेला. उजव्या कानाने ऐकू येत नाहीये. सत्यजीत खुर्चीत बसून बघत होता म्हणे.

आई हळद लावत होती आणि एकच घोकत होती, “मी वाढलं त्याला. रोज वाढलं.” तिने सत्यजीतचा आमच्याकडचा डबा चुलीत घातला. स्टीलचा डबा कसा जळणार? बाबांनी काळा पडलेला डबा चिमट्याने बाहेर काढला.

पोलिसात जाऊ म्हटलं तर हृतिक नाही म्हणाला. पहिली थप्पड कोणाची, ते विचारतील ना?

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. दुकान बंद. पोरं शटरवर थापा मारून गेली.

२४ ऑक्टोबर

सत्यजीतची जाहिरात आली. कोन आणि सुकापूरच्या सगळ्या ग्रुपवर. रविवारी उद्घाटन. खाली आमच्या एकतीस गेमची चित्रं, ओळीने, आम्ही घेतले होते त्याच क्रमाने. वर ठळक अक्षरात — ‘भाड्याचे नाहीत, मालकीचे!’

जेवले नाही. उशी दातांत धरून ओरडले.

२५ ऑक्टोबर

दुपारी दोनला हृतिकने सत्यजीतला मारलं.

शटर ओढायची आकडीवाली सळी, आमच्याच दुकानातली. सत्यजीत नव्या पार्लरच्या पायरीवर हार लावत होता. पहिला घाव खांद्यावर, मग डोक्यावर. लोक सांगतात सात, कोणी सांगतं दहा. तो खाली पडल्यावरही मारत होता. कवटी फुटली. झेंडूच्या माळा रक्तात भिजल्या होत्या, कोणीतरी व्हिडिओ काढलाय. मी पाहिला. दोनदा पाहिला.

हृतिक स्वतःच बाइकवर घरी आला. ओट्यावर बसला आणि पाणी मागितलं. शर्टावर, भुवयांवर, दाढीत सगळीकडे रक्त. आई तांब्या घेऊन आली आणि तिथेच खाली बसली. बाबांनी त्याचं तोंड ओल्या फडक्याने पुसलं आणि हाताला धरून चौकीवर नेलं.

सत्यजीत जिवंत आहे. आयसीयूत.

२७ ऑक्टोबर

मला चौकीवर बोलावलं. हृतिकचा फोन साहेबांच्या टेबलावर होता. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली. पंचवीस तारीख, दुपारी एक वाजून दहा मिनिटं, माझा मेसेज —

सत्यजीतचा गेम उडवून टाक. आजच.

साहेब म्हणाले, “बाई, मी अठरा वर्षं या भागात आहे. गेम उडवणं म्हणजे काय ते मला शिकवू नका.”

मी म्हटलं, साहेब, आमचं गेमचंच दुकान आहे. आमच्याकडे डिलीट करायला उडवणंच म्हणतात. मशीनवर सत्यजीतचं नाव आणि त्याचा अर्धवट खेळलेला फुटबॉलचा सीझन अजून तसाच पडलाय. मशीन लावली की रोज त्याचंच नाव वर. तो उडव, एवढंच मी हृतिकला म्हणाले. माझा आवाज जराही हलला नाही.

२८ ऑक्टोबर

साहेब दुकानात आले, सोबत दोन हवालदार. मी मशीन लावली, कृष्णकांतची फुटबॉलची डिस्क घातली. सत्यजीतचं नाव आलं, आत त्याचा सीझन, चौदा सामने खेळून झालेले. साहेबांनी कंट्रोलर हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. विचारलं, हाच का तो गेम? हाच. मग भावाने उडवला का नाही? म्हटलं, त्याचं डोकं ठिकाणावर होतं कुठे?

मोठा हवालदार म्हणाला, माझा मुलगापण असंच बोलतो, साहेब, गेम उडाला, गेम उडाला करून रडतो. साहेबांनी जबाब तसाच लिहून घेतला. मी सही केली.

३० ऑक्टोबर

हृतिकला भेटले. कान अजून सुजलेला. हवालदार दोन हातांवर उभा. हृतिक माझ्याकडे न बघता, जरा मोठ्यानेच म्हणाला, “ताई, तू मशीनवरचा गेम म्हणालीस. मीच डोक्यात राख घालून गेलो. तुझा काय संबंध?”

मी रडले. हवालदाराने तोंड फिरवलं. त्याला वाटलं असेल, बहिणीची माया.

२ नोव्हेंबर

सत्यजीत गेला. आता कलम बदलेल, वकील म्हणाले. आईने विचारलं, “सोडतील ना त्याला?” बाबा उठून ओट्यावर जाऊन बसले.

३ नोव्हेंबर

जबाबात नाही ते इथे लिहिते. त्या मेसेजनंतर हृतिकने मला फोन केला होता. साहेबांनी विचारलं तेव्हा सांगितलं, जेवलास का म्हणून बोललो. बोलणं कुठे उमटत नाही.

हृतिकने विचारलं होतं, “ताई, कुठला गेम? मशीनवरचा?”

मी म्हटलं, “मशीनवर आपलं उरलंय काय?”