मळ्यातला वाकडा चर

अण्णा, मी आता साताऱ्यात मुलाकडे राहतो. खाली रस्त्याच्या कामाला चर खणलाय, दोरी लावल्यासारखा सरळ. आज सकाळी गॅलरीतून तो बघता बघता माझा चहा गार झाला, कारण मला आठवत होता आपल्या पलूसच्या मळ्यातला, वाकडा.

मी पाचेक वर्षांचा असेन. लढाई संपून तुम्ही फौजेतून सुट्टीवर आला होतात. उसाच्या लागणीसाठी रान तयार होतं, पुसून ठेवलेल्या पाटीसारखं काळंभोर. बिगरीत शिकलेली कविता चालीत म्हणत मी दवातून बांधावरून चाललोय आणि मधेच ते रान फाटलेलं दिसतं. माझ्या डोक्याहून खोल चर. जरा सरळ जातो, मग वळतो, पुन्हा वळतो. कडेला मातीचा उंचवटा, त्यावर बांधावरच्या गवताची ढेकळं नीट मांडलेली. परवापर्यंत तिथं काहीच नव्हतं. मला वाटलं, कुठल्या तरी मोठ्या जनावरानं उकरलंय. वाकून पाहिलं, तर वळणाच्या तळाशी तुम्ही! अंगावर खाकी कोट, गुडघे पोटाशी, तोंड उघडं. मी ओरडणार, तोच मागून आईचा हात तोंडावर आला. “उठवू नगंस. आल्यापास्नं डोळ्याला डोळा न्हाई त्यांच्या. हितंच लागतोय.” घरात बाज होती, आईनं शिवलेली वाकळ होती. घर सोडून माणूस खड्ड्यात का झोपतो, मला काही उमगेना.

तेवढ्यात तात्या, तुमचे धाकटे भाऊ, बैल घेऊन सऱ्या पाडायला आले. चर बघून लांबूनच म्हणाले, “आवं वैनी, नांगर ताडी पिऊन चालला हुता का काय? का दादाला खजिना घावलाय?” आई म्हणाली, “भावजी, ह्यांची सुट्टी हाय तवर राहू द्या तसंच.” “आन् लागण? उद्या पाण्याची पाळी हाय आपली. ती हुकली तर बेणं वाळून जाईल. बुजवायलाच लागतंय.” “मग मलाबी बुजवा त्यात.” आई हे हळूच म्हणाली, थट्टेनं म्हणावं तसं. पण जागची हलली नाही.

तात्या पुढं आले, चरात डोकावले. मग बैलांकडे गेले, दोघांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा सोडल्या आणि डोक्याचा पटका काढून त्यात गच्च गुंडाळल्या. त्या दिवशी आपल्या मळ्यात बैल बिनआवाजाचे चालले. एरवी हाकारे घालून शिवार उठवणारे तात्या नुसत्या हातानं बैल वळवत होते. चराभोवतीचा पट्टा सोडून बाकी रानात सऱ्या पडल्या.

ऊन चढल्यावर तुम्ही वर आलात, गालाला माती, आणि तात्यांना म्हणालात, “काय रं, मला उठवायचं न्हाईस व्हय?” “तू फौजंतला गडी. तुला उठवून मार कोन खाईल, दादा?” तुम्ही हसलात, त्या सुट्टीत पहिल्यांदा. मी विचारलं, “अण्णा, ह्ये काय हाय?” “खंदक.” “कशाला?” तुम्ही आईकडे पाहिलंत आणि म्हणालात, “झोपायला.” फौजेत परत जायच्या आदल्या दिवशी तुम्हीच तो बुजवलात. पुढं पेन्शनीत आल्यावर तुम्ही घरातल्या बाजेवर झोपू लागलात, आणि त्याच बाजेवर शेवटचा श्वास घेतलात, त्यालाही किती वर्षं झाली.

शाळेत शूरांच्या कविता म्हणायला मास्तर मलाच उभं करायचे. बाप फौजेत ना! त्या सगळ्या अजून पाठ आहेत, नातवाला म्हणून दाखवतो. पण खरं सांगू? तलवारी, घोडे, धूळ असं काही माझ्या डोळ्यांपुढं कधी आलंच नाही. येता ते तुम्ही, उघड्या तोंडानं झोपलेले. मग माझा आवाज आपोआप खाली येतो. नातू म्हणतो, “आजोबा, लढाईची कविता एवढी हळू?” मी पुढचं कडवं आणखी हळू म्हणतो.

हे लिहिलं खरं. पण पत्ता असता तरी धाडलं नसतं, अण्णा. पोस्टमन दारात येऊन मोठ्यानं हाक मारतो.