विहिरीवरचा तवंग

३ मार्च
महामार्गाच्या वळणावर, आमच्या झेंडूच्या वरच्या अंगाला, डिझेलचा टँकर उलटला. ड्रायव्हर वाचला, देवाची कृपा. त्याला पाणी देत होते, तोवर अख्खी वस्ती कॅन-हंडे घेऊन धावली. आमचे हे सगळ्यांत पुढे, दुधाचा कॅन घेऊन! मोटरसायकली जवळ नेता याव्यात म्हणून लोकांनी बांध फोडला. संध्याकाळी विहिरीत डोकावले. पाण्यावर तवंग. फोडलेल्या बांधातूनच सगळं खाली उतरलेलं.

४ मार्च
चिमी वासरू पाण्याला तोंड लावेना. झेंडू कळीवर, पाडवा तोंडावर, आणि दुसरं पाणी नाही. ह्यांच्याशी कडाकडा भांडले. म्हणे, "आपण नसतं घेतलं तर दुसऱ्यानं नेलंच असतं." दुसराही घरी हेच सांगत असणार.

५ मार्च
पंचनामा. साहेबांनी तपासायला बाटलीत पाणी नेलं. चूक कोणाची, विचारलं. कोणी म्हणालं ड्रायव्हरची, कोणी रस्त्याची, कोणी कंपनीची. प्रत्येकाच्या पडवीत भरलेला कॅन आणि चेहरे कसे, तर मांजर डोळे मिटून दूध पितं तसे. हसू आलं. मग रडू.

७ मार्च
सकाळी शेजारचे आबा बांधावर. "सूनबाई, माझ्या हिरीवरनं पाइप टाकलाय. एक दिवस तुझा, एक दिवस माझा."
"आणि तुमची मेथी?"
"मेथीला काय व्हतंय. चहा टाक. पाणी माझंच घे मात्र!"
मेथी निम्मी जाणार, त्यांना माहीत आहे. मलाही. नुसतं बरं वाटलं असं नाही, धीर आला.

८ मार्च
विहीर उपसायला इर्जिक घालायचं ठरलं. नांगरणीला घालतात तसंच: सगळ्यांनी यायचं, मजुरी नाही, जेवण आमचं. कोणीतरी म्हणालं, पाणी नाल्यात सोडा, सुटला प्रश्न. मी आडवी आले. नाल्याखालीही माणसंच राहतात. आबांनी शेततळ्याचा जुना प्लास्टिकचा कागद काढून दिला. पडीक कोपऱ्यात खड्डा खणून त्यात अंथरला.

१० मार्च
आधी गोणपाटांनी तवंग टिपला. मग आबांचं इंजन लावलं. आबा म्हणाले, "डिझेल कोण देतंय?" सगळे जमिनीकडे बघायला लागले. मग एक जण उठला, घरून कॅन घेऊन आला. त्याच्यामागं दुसरा. शेवटी आमचे हे, दुधाचा कॅन घेऊन, मान खाली. ज्यानं विहीर नासवली त्यावरच उपसली!
वांग्याची भाजी, भाकरी, ठेचा. गोणपाट पिळून पिळून बायकांचे हात सोलवटले, पण एकीनं कुरकुर केली नाही. इतकी माणसं आपल्यासाठी राबलेली मी कधी पाहिली नव्हती. बांधही त्यांनीच घातला.

१८ मार्च
झेंडू तरला. पिकअपमधून नाशिकला. वाटेत पंपावर रांग. पुढंमागं आमच्याच वस्तीतल्या गाड्या, कोणाची भाजी, कोणाची फुलं. म्हणजे तो टँकर आमच्यासाठीच येत होता की. ह्यांना बोलले. पंपावरच्या पोरानं विचारलं, "टाकी फुल?" हे म्हणाले, "लागेल तेवढंच."

१९ मार्च, पाडवा
पहिली माळ आबांच्या गुढीला. इर्जिकीला आलेल्या प्रत्येक घरी एकेक. विहिरीला नवं पाणी आलंय. हे म्हणतात वास गेला, मी म्हणते आहे. बाटलीचा निकाल अजून नाही. चिमीपुढं बादली ठेवली. हुंगलं, एकदा जीभ लावली, आणि माझ्याकडे बघत उभं राहिलं.
आबांचा पाइप तसाच आहे. मी काढला नाही, त्यांनी मागितला नाही.