तळ्याकाठची अकरा नंबरची जागा

गॅल्व्हस्टन, ३ जून

प्रिय पपा,

मी ठणठणीत आहे. इथे समुद्रकाठी हवा इतकी दाट आहे की श्वास चावून घ्यावा लागतो. संध्याकाळी पायरीवर बसून डोळे मिटले, की पाइनचा वास येतो आणि मी साडेदहा हजार फुटांवर, आपल्या तळ्याकाठी असते.

तुमच्या लेकाने, रसेलने, वनखात्याच्या ऑफिसात फोन केला होता. वरचं गेट अजून बर्फात आहे, जुलैच्या मध्यावर उघडेल. तिथे बुकिंग नाही, आधी येईल त्याची जागा. म्हणून गेट उघडेल त्या आठवड्यात तो बुधवारीच जाऊन आपली अकरा नंबरची तंबूची जागा धरणार आहे. राजमा मी खालूनच शिजवून नेईन. वर पाणी उकळतं पण दाणा शिजत नाही, हे आईला शेवटपर्यंत पटलं नाही, आणि तुम्ही ते खडे ‘झकास’ म्हणत चावत राहिलात.

ऑक्सिजनचं मशीन रोज लावता ना? “तो डॉक्टर कधी वर गेलाय का?” असं तुम्ही रसेलला म्हणालात म्हणे. नसेल गेला. तरी त्याने सांगितलंय तसं, सात हजार फुटांच्या वर तुम्ही यायचं नाही, पपा. यावर आपण भांडायचं नाही.

तुमची हिरवी खुर्ची मात्र नेतोय. शेकोटीपाशी खुर्ची दिसली की माणूस लाकडं आणायला गेलाय असं समजून लोक पुढे जातात, हे तुम्हीच शिकवलंत. ती तळ्याकडे तोंड करून मांडू. कुणी विचारलंच तर सांगू, येतील इतक्यात.

तुमचीच,
कॉरा