अक्काच्या गच्चीचा माल आणि अशोकाचं चिलखत

१३ सप्टेंबर २००९, रविवार
धम्मचक्र दिनाच्या नाटकात आमच्या गल्लीतला मारोती सम्राट अशोक झालाय. चिलखत मी करतो, असं समितीत मीच बोललो. कोळारच्या कारखान्यात पॅकिंगला आहे, फोम रोजचा हातातला. वरून कोटिंग कोणतं द्यायचं एवढंच ठरायचंय. दोन दिवसांचं काम.

१६ सप्टेंबर
पांढऱ्या गोंदाचे तीन हात. वाळल्यावर एकदम टणक. मारोती घालून वाकला आणि पापडासारखं तडकलं. मारोती गरजेपेक्षा जास्त वाकतो.

१८ सप्टेंबर
पंक्चरवाल्या भीमण्णाकडून सोल्युशन आणलं. फोम आकसला. बायको म्हणाली, वासानं डोकं फिरायलंय, एक तर ते बाहेर न्हाईतर तुम्ही बाहेर. दोघंही बाहेर.

२० सप्टेंबर, रविवार
माझ्या थोरल्या बहिणीची, सावित्री अक्काची गच्ची गळते. तिनं वॉटरप्रूफिंगची बादली आणून ठेवलीय, लावायचं मी कबूल केलेलं. आज गच्चीवर जाऊन झाकण उघडलं. दाट, पांढरं, बोटाला रबरासारखं ताणलं जातं. हेच पाहिजे होतं! एक डबा भरून घेतला. अक्काला विचारणार होतो, पण ती भाकरी करायली होती. कामात कशाला अडवायचं?

२२ सप्टेंबर, संध्याकाळी
फोम माल पितो. आणखी दोन डबे आणले. अक्कानं विचारलं, "रतन, झाली का रे गच्ची?" मी म्हणालो, "झालीच म्हण." तिनं 'झाली' एवढंच ऐकलं. माझा शब्द स्पष्ट होता.

२४ सप्टेंबर
अक्कानं ज्वारीची पोती परत गळणाऱ्या कोपऱ्यात सरकवली. शेजारच्या रुद्रम्माला सांगत होती, "माझ्या भावानं उन्हात उभं राहून केलं." मला गरम भाकरी वाढली. अर्धी तशीच ठेवली. चटणी तिखट होती.

२६ सप्टेंबर
बादलीवर लिहिलंय, दोन हातांमध्ये एक दिवस थांबा. ते नवख्या लोकांसाठी. मी अर्ध्या अर्ध्या तासानं पाच हात दिले, वर चंदेरी रंग. लांबून अस्सल पोलाद. बादलीत तळाला थोडं उरलंय. पातळ केलं तर गच्चीला पुरेल.

२७ सप्टेंबर
चिकटतंय. पंख्याखाली ठेवलं, पावडर मारली. आता पावडरसकट चिकटतंय. नाटक झाल्या झाल्या गच्ची. नक्की.

२८ सप्टेंबर, सोमवार
दुपारपासून पाऊस. अक्का नाटकाला आली नाही. घरात पाणी यायलंय, आवरून येते, असा निरोप आला. पहिला अंक मला दिसलाच नाही.

कलिंगाची प्रेतं पाहून अशोक चिलखत उतरवून फेकतो, असा प्रसंग. मारोतीनं पश्चात्तापानं हात छातीवर ठेवले, ते तिथंच बसले. सोडवायला दोन प्रेतं उठली. त्यातलं एक त्याच्या पाठीला चिकटलं. हॉल हसून लोटपोट. मी पडद्यामागे बादलीचा विचार करत होतो.

३० सप्टेंबर
अक्काकडे गेलो. दोन पोती भिजलेली, ज्वारी खाटेवर पसरून ती हातानं चाळवत होती. म्हणाली, "पाऊसच लई झाला, तू तरी काय करशील? तू लावलं नसतंस तर सगळंच भिजलं असतं."

राहवलं नाही. सगळं सांगितलं. पहिला डबा, मग दोन, मग बाकीचे. 'झालीच म्हण' हेही सांगितलं.

अक्कानं भिजकी ज्वारी मूठभर उचलून पुन्हा पसरली. मग विचारलं, "तेवढा सगळा माल लावलास. मग अशोक तरी बरा दिसला का?"

न्हाई म्हणालो. ते सांगणं जास्त जड गेलं.