एकशे चाळीसची रेघ

तीर्थरूप दादांना,

नमस्कार. (तुम्ही माझ्यापेक्षा सात महिन्यांनी मोठे आणि माझ्या बायकोचे सख्खे भाऊ, म्हणून तीर्थरूप. काम काढलंय म्हणून तीर्थरूप, असा संशय घेऊ नये.) तुमची कंबर आता कशी आहे? गेल्या वेळी कपाट सरकवताना ती धरली, तेव्हा मी दारात उभा राहून नुसत्या सूचना देत होतो, हे तुम्ही अजून मनात धरलं असेल तर सोडून द्यावं. चष्म्याचं दुकान बरं चाललं असेलच, लोकांचे डोळे काही सुधारायचं नाव घेत नाहीत. वहिनींना नमस्कार सांगा. इकडे सगळे मजेत आहेत. तुमची बहीण मजेत, तुमच्या मातोश्री तर काळजी वाटावी इतक्या मजेत, आणि फिरकी, म्हणजे तुमची भाची, एका जागी बसत नाही ती नाहीच. मीही मजेत आहे असं सगळ्यांना सांगत असतो. फोन न करता पत्र लिहितोय, कारण आमच्याकडे फोन स्पीकरवर टाकून जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवायची पद्धत आहे. ही पद्धत तुमच्या मातोश्रींनी पाडली.

तर विषय असा, की पुढच्या रविवारच्या पुढच्या रविवारी आम्ही सहकुटुंब त्या रोलर कोस्टरवाल्या बागेत जाणार आहोत. तिकिटं काढून झाली. तीन वर्षांपूर्वी आपण सगळे मिळून गेलो होतो तेव्हाचं तुम्हाला आठवत असेल. (तुम्ही त्या फिरत्या कपबशीत बसलात आणि नंतर बराच वेळ एका झाडाशी बोलत होतात.) मोठ्या गाडीच्या फाटकाशी एक लाकडी जिराफ आहे, त्याच्या मानेवर तांबडी रेघ: एकशे चाळीस सेंटिमीटर, तेही बूट काढून. रेघेच्या खाली असलेल्याला प्रवेश नाही. फिरकी तेव्हा एकशे अठरा होती. ती तिथेच फतकल मारून अशी रडली, की जिराफाच्याही डोळ्यांत पाणी यावं. तेव्हा मी बाप या नात्याने तिला उचललं आणि चारचौघांत शब्द दिला, की ज्या दिवशी तू या रेघेला लागशील त्या दिवशी मी स्वतः तुझ्या शेजारी पुढच्या डब्यात बसेन. दादा, बावीस सेंटिमीटर म्हणजे त्या वेळी मला जन्मभराची मुदत वाटली होती. मुलं वाढतात हे मला ऐकून माहीत होतं, पण इतक्या चिकाटीने वाढतात याची कल्पना नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, की तुम्ही बावीस वर्षं लिफ्टची कामं करता, दहाव्या मजल्यावर लिफ्टच्या टपावर उभं राहून डबा खाता, तुम्हाला कसली भीती? हेच फिरकीही म्हणते. तिच्या वर्गात तिने सांगून ठेवलंय, की माझे बाबा कशालाच घाबरत नाहीत. पण लिफ्टचं कसं असतं, ती सरळमार्गी असते. वर जाते, खाली येते, दोराला बांधलेली, समोर तोलाचं वजन, वेग जरा वाढला की खालून ब्रेकचे जबडे रुळाला घट्ट धरतात. ही गाडी म्हणजे वाईट संगतीला लागलेली लिफ्ट आहे. वरपर्यंत साखळीने नेतात आणि तिथे सोडून देतात! मुद्दाम! आमच्या धंद्यात असं झालं तर चौकशी बसते, इथे लोक रांग लावतात. मला उंचीची भीती नाही, दादा. मला सोडून दिलं जाण्याची भीती आहे, आणि हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या बहिणीला तर नाहीच.

स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी फिरकीची उंची मोजतो. पोलादी टेप, डोक्यावर पाणसळ (ती हिरव्या पाण्यात बुडबुडा असलेली पट्टी हो), बुडबुडा बरोब्बर मधे आला की बारीक पेन्सिलीने रेघ. धंद्याची शिस्त घरातही पाळतो. चार महिन्यांपूर्वी ती एकशे एकोणचाळीस झाली आणि मी दोनदा मोजून बघितलं. पण काय सांगू, गेले तीन महिने तिथेच! एक केसभर पुढे नाही. घरात हळहळ. तुमच्या मातोश्रींनी तिला रोज सकाळी बाल्कनीतल्या कपडे वाळत घालायच्या दांडीला लोंबकळायला लावलं. उंची वाढली नाही, दांडी निखळली. मग मातोश्रींनी जाहीर केलं, की पोरगी नाही बसली तर तिच्या जागी मी बसेन, जावईबापू आहेतच शेजारी. मी मात्र दर पहिल्या रविवारी बुडबुड्याकडे बघून मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडत होतो. स्वतःची मुलगी वाढू नये म्हणून देव पाण्यात घालून बसलेला बाप जगात मी एकटाच असेन, आणि खरं सांगतो, याची मला लाज वाटते.

पण एका सेंटिमीटरवर किती दिवस काढणार? म्हणून महिन्यापूर्वी जेवताना मी तांत्रिक मुद्दा काढला. म्हटलं, त्या गाडीच्या देखभालीची नोंदवही मी स्वतः बघितल्याशिवाय माझं माणूस त्यात बसणार नाही. बागेला तसं रीतसर पत्र टाकलं. हेतू हा, की असल्या पत्राला कोणी उत्तर देत नाही आणि उत्तर येईपर्यंत जायचं नाही. आठ दिवसांत उत्तर हजर. सही बघतो तर पानाभाऊ! माझ्याबरोबर लिफ्टवर नऊ वर्षं काम केलेला, कमरेला कायम पाना लटकवणारा, तोच आता तिथे देखभालीचा मुख्य झालाय. बुधवारी बाग बंद असते, अवश्य ये, असं लिहिलेलं. फिरकीने ते पत्र वर्गात वाचून दाखवलं. माझे बाबा आता रोलर कोस्टर पास करायला चाललेत, ही बातमी तिच्या बाईंपर्यंत गेली. खड्डा मीच खणला आणि कुदळीसकट आत पडलो.

गेलो. नोंदवही बघितली, तीत दोष काढायला जागा नव्हती. (अक्षरसुद्धा चांगलं.) निघणार तेवढ्यात पानाभाऊ म्हणाला, तिसऱ्या डब्याच्या चाकाला बारीक आवाज येतोय असा मला संशय आहे, तुझा कान चांगला, एक फेरी बसून ऐक ना. दादा, मेकॅनिकला चहा नको म्हणता येतो, आवाज ऐकायला नको म्हणता येत नाही. चाचणीच्या फेरीत माणसांच्या जागी पाण्याने भरलेले प्लास्टिकचे पुतळे बसवतात. हात नाहीत, डोकं नाही, नुसती धडं आणि मानेच्या जागी बूच. अशा तेवीस सभ्य प्रवाशांबरोबर मी चोविसावा. चढणीवर साखळीची खटखट ऐकून बरं वाटत होतं, कारण ती मागे न घसरण्यासाठी केलेल्या खिट्टीची असते, माझ्या ओळखीची. मग माथा आला, खटखट थांबली, आणि मला सोडून देण्यात आलं.

त्या क्षणी मी काय केलं असेन? देवाचं नाव घेतलं नाही, आईचं घेतलं नाही. बावीस वर्षं लिफ्टच्या टपावरून काही बिनसलं की जे ओरडतो तेच ओरडलो: स्टॉऽऽऽप! आणि खाली नियंत्रणाच्या खोलीत उभ्या असलेल्या पानाभाऊच्या हाताला नऊ वर्षांची सवय. ती आरोळी ऐकताच मेंदूला न विचारता हात गेला आणि त्याने तांबडं बटण दाबलं. आता ही गाडी लिफ्टसारखी जागच्या जागी थांबत नाही, पुढचा ब्रेक असेल तिथेच थांबते. म्हणजे अख्खा उतार मी भोगलाच, आणि मग दुसऱ्या टेकडीच्या माथ्यावर गाडी खाडकन उभी राहिली. या प्रवासात मी शेजारच्या पुतळ्याला दोन्ही हातांनी कवटाळलं होतं, त्यामुळे त्याचं बूच उडालं आणि तो माझ्या मांडीवर रिकामा झाला. पँट ओली झाली ती त्या पाण्याने. याबद्दल कोणी दुसरा अर्थ काढू नये. बटण दाबलं की पुन्हा सुरू करायला अख्खी तपासणी करावी लागते, तीन सह्या लागतात, म्हणून पाऊण तास मी तिथे बसून होतो. गंमत म्हणजे तो पाऊण तास छान गेला. उंचावर, स्थिर, वारा, शेजारी कोणी बोलत नाही. शेवटी उरलेला मार्ग गाडीतून की कडेच्या जिन्याने, असं पानाभाऊने खालून विचारलं. जिन्याला एकशे छप्पन्न पायऱ्या आहेत.

घरी येऊन सांगितलं, की गाडी पास. फिरकीने विचारलं, बसून बघितलं का. मी म्हटलं, बघितलं ना. तिने माझ्याकडे फार वेळ बघितलं आणि ती बूट घालून खेळायला गेली. तिला दिलेला शब्द मला पाळायचा आहे, दादा, खरंच पाळायचा आहे. फक्त त्या माथ्यावर माझे हात माझं ऐकत नाहीत.

असो. कळावे, लोभ आहेच, तो खालचा अर्ज वाचूनही राहावा.

तुमचा मेहुणा

ता. क. पहिल्या उतारावर एक कॅमेरा आपोआप फोटो काढतो, हे मला नंतर समजलं. पानाभाऊ म्हणतो, असा फोटो बागेच्या इतिहासात नाही. तो मोठा करून घरी पाठवायला निघाला होता, मी घाईघाईत तुमच्या दुकानाचा पत्ता दिला. पाकीट आलं की न उघडता मोडक्या फ्रेमांच्या खोक्यात तळाशी घालावं. वहिनींना दाखवू नये. म्हणजे कोणालाच दाखवू नये, पण वहिनींना विशेष.

आणखी ता. क. आता मुख्य काम. तुमच्या दुकानाच्या छापील कागदावर दोन ओळी लिहून पाठवा: 'यांचे डोळे तपासले, झटके व उतार सहा महिने वर्ज्य.' शिक्का ठळक मारा. भाची रेघेला लागलीच तर तिच्या शेजारी तुम्ही बसा, मामाचा मानच आहे तो. कपबशीचं मी कोणाला सांगितलेलं नाही, आणि कागद वेळेवर आला तर सांगणारही नाही.

मामा, मी फिरकी. बाबा डिंक शोधायला गेलेत, म्हणून मी पत्र वाचलं. मला पण खूप भीती वाटते. वर्गात सगळ्यांना सांगून बसले म्हणून नाही म्हणता येईना. तीन महिने मी मोजताना गुडघे वाकवते. बाबा वर बुडबुडा बघतात, खाली बघतच नाहीत. तू तो कागद पाठवू नकोस. फोटो आला की पाठव, पण पाकिटावर माझं नाव घाल. बाबा पण ओरडतात हे मला माहीतच नव्हतं. आम्ही दोघं मिळून ओरडू. या रविवारी मोजताना मी सरळ उभी राहणार आहे. त्यांना आधी सांगू नकोस.