पडद्यामागचा नान

मुनिसाआपा,

पडद्यामागे टांगलेला नान सापडला. एकच घास तोडलेला. आपल्याकडे लांब निघालेलं माणूसच असा घास घेऊन नान मागे ठेवतं, परत येऊन संपवायला. मला काय दूधखुळी समजतेस? पलंगाखाली बॅगही भरलेली आहे.

मागच्या वेळेसारखे तुझे कपडे फाडले नाहीत. डॉक्टरीणबाईंनी शिकवलं तसा राग उतरायला हातात बर्फ धरला, श्वास मोजले आणि डोळ्यांना दिसलं तेवढंच वहीत लिहिलं: नान, बॅग. ‘आपा मला टाकून चालली’ हे माझ्या मनाचं, म्हणून खोडलं. दोनदा खोडावं लागलं.

आता उपचारांच्या वर्गाला जातेय. नानचा दुसऱ्या बाजूने मीही घास घेतलाय. मी सहाला परत येईन. तू कधी येणार, ते इथेच खाली लिही.

दिलोरोम