कॉम्प्रेसरची गळती आणि तुझा डावा कान

प्रिय सुमती,

तू होतीस तेव्हा तुला कधी पत्र लिहिलं नाही. बदलापूरला माहेरी जायचीस, तर दर रविवारी मीच तिथे येऊन बसायचो. आज लिहितोय, कारण दुपारी शेजारच्या गोदाताईंनी तुझ्याबद्दल एक गोष्ट सांगितली. ती खरी का, हे विचारायचं कोणाला?

आधी काय झालं ते सांगतो. पडवीतला आपला कॉम्प्रेसर बरेच दिवस हवा धरत नव्हता. मोटर चालू असेपर्यंत टाकी भरायची, बंद केली की मीटरचा काटा खाली यायला लागायचा. रंगाचं पिस्तूल फवारण्याऐवजी थुंकायला लागलं. लछमनदासनं रंगवायला दिलेल्या लोखंडी खाटा अर्ध्या हिरव्या, अर्ध्या गंजलेल्या, अशा भिंतीला टेकून उभ्या. तो उल्हासनगरच्या कॅम्पातून सायकल मारत येऊन बघून गेला. रागावला नाही. एवढंच म्हणाला, "भाऊ, भाभी होती तो अब तक ढूँढ लेती."

मी काय कमी शोधलं? साबणाचं पाणी करून ब्रशनं प्रत्येक जोडाला लावलं. नळीच्या तोंडाशी बुडबुडे आले. क्लिप बदलली. टाकीच्या खालच्या बुचाला आले, त्याला चामड्याचा नवा वायसर घातला. मीटरच्या आट्यांना ताग आणि सफेदा लावून तो पुन्हा बसवला. मग कुठेच बुडबुडा येईना, आणि काटा तरीही खाली! ही हवा जाते तरी कुठे? माझं डोकं चालेना.

कारखान्यातल्या यंत्रांनी माझे कान कधीच गेले, हे तुला माहीत आहे. गळतीची बारीक फुसफुस मला ऐकू येत नाही. म्हणून तर तुला हाक मारायचो. तू स्वयंपाकघरातून तशीच यायचीस, मान जरा तिरकी करून यंत्राभोवती फिरायचीस आणि म्हणायचीस, "अहो, इथे आहे." कारखान्यात मी सगळ्यांना सांगत असे, आमच्या हिचा कान म्हणजे कान आहे.

आज मी टाकीला कान लावून बसलो होतो. गोदाताई ताक घेऊन आल्या. काय करताय, म्हणून त्यांनी विचारलं. सुमतीसारखं ऐकून बघतोय, असं मी म्हणालो. त्यांनी ताकाचं भांडं खाली ठेवलं.

"ती कानानं नव्हती शोधत," त्या म्हणाल्या. "तिचा डावा कान तर लहानपणीच फुटून गेला होता. ओला हात फिरवायची ती. हवा लागली की गार लागतं."

मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं. पुन्हा विचारलं. त्यांनी तेच सांगितलं, जरा मोठ्यानं. मला हे ठाऊक नाही, हे त्यांना खरंच वाटेना. तू त्यांना म्हणाली होतीस म्हणे, "ह्यांना माझ्या कानाचं फार कौतुक आहे. असू दे की."

असू दे काय, सुमती? इतक्या वर्षांच्या संसारात हे मला सांगावंसं वाटलं नाही तुला?

गोदाताई गेल्यावर मी हात ओला केला. मोटर बंद ठेवून सगळीकडे फिरवला. पंप जिथून बाहेरची हवा ओढतो, त्या तोंडाशी बोटं गार पडली. तिथे जोडच नाही, म्हणून मी साबण लावलाच नव्हता. टाकीतली हवा उलटी फिरून पंपातूनच बाहेर चालली होती. टाकी पूर्ण रिकामी करून पंप आणि टाकीच्या मधली, हवा परत येऊ न देणारी झडप उघडली, तर तिच्याखाली काजळीचा खडा अडकलेला. रॉकेलनं धुऊन बसवली. आता काटा हलत नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. पण मी खाटेवर बसलो आणि भलतंच आठवायला लागलो. तुझ्या भावाच्या लग्नाहून परतताना स्टेशनपर्यंत चालत आलो, तेव्हा मी तुला काहीतरी विचारलं आणि तू उत्तर दिलं नाहीस. मी घुम्यासारखा वागलो मग किती दिवस. त्या वेळी मी तुझ्या कुठल्या बाजूला होतो? डाव्या की उजव्या? आठवत नाही गं. पडवीतून मी हाका मारायचो आणि तू यायची नाहीस, ते रागानं की ऐकूच न आल्यानं? आणि तू मला जे हळू आवाजात सांगत होतीस, ते माझ्यापर्यंत कितीसं पोचलं? आपण भांडलो किती आणि नुसतं ऐकू आलं नाही किती, याचा मला आता काही उलगडा होत नाही.

तुझी ताई परवा हेंद्रेपाड्याहून आली होती. मालूला घेऊन जाते म्हणाली. "या घरात कोणी कोणाशी बोलत नाही. पोर सुकून जाईल," असं म्हणाली. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. मला वाटत होतं, तू गेल्यापासून आपली मालू माझ्याशी बोलतच नाही. पण गोदाताईंनी सांगितल्यापासून तेही खात्रीनं सांगता येईना.

संध्याकाळी ती ओट्यावर केस विंचरत बसली होती. मी जाऊन तिच्यासमोर बसलो आणि विचारलं, "मावशीकडे जायचंय का तुला?"

तिचे ओठ हलले. मला कळलं नाही. एरवी मी उठून आत गेलो असतो. आज म्हटलं, "मला ऐकू आलं नाही, बाळ. पुन्हा सांग."

"मी रोज सांगते, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही मान हलवता आणि निघून जाता. मला नाही जायचं."

ताईला उद्या कळवतो. ती रागावेल, रागावू दे. तू मला का सांगितलं नाहीस, हे मला कधी कळणार नाही, आणि त्याचा थोडा राग अजून आहे माझ्या मनात. पण एक शब्द देतो, सुमती. मालू जे बोलेल ते मला ऐकू आलं नाही, तर मी मान हलवणार नाही. पुन्हा विचारीन. ती वैतागली तरी विचारीन.

तुझा,
वसंत